‘नेमकं झालं काय?’ असं विचारू नका

महोदय,

माझा धाकटा भाऊ एका मोठ्या अपघातातून वाचला. हाताचं हाड दीड महिन्यात जुळलं, झोप मात्र उडाली ती उडालीच. हॉर्न वाजला की तो दचकायचा, त्या रस्त्याचं नाव निघालं की उठून जायचा, क्षुल्लक कारणावरून आईवर ओरडायचा. आम्ही त्याला चिडका ठरवलं. ‘जिवावरचं हातावर निभावलं ना, मग आता काय?’ असंही सुनावलं. त्याची खंत मला आजही आहे.

त्यात भेटायला येणारा प्रत्येक जण विचारायचा, ‘नेमकं झालं काय?’ आम्हीही म्हणायचो, सांगून टाक, मन मोकळं होईल. सांगताना त्याच्या तळहातांना घाम फुटायचा आणि त्या रात्री तो किंचाळत उठायचा. पुढे मानसोपचारतज्ज्ञांनी समजावलं, की अशी आठवण भूतकाळात जमा होत नाही. एखादा आवाज, एखादा वास पुरतो आणि सगळं आत्ताच घडतंय असं शरीर वागू लागतं. जागतिक आरोग्य संघटनेची मानसिक प्रथमोपचाराची मार्गदर्शिका २०११ सालची आहे. त्यातही हेच आहे: जवळ बसा, काय हवं-नको बघा, बोलला तर ऐका, पण बोलायला भाग पाडू नका.

पहिल्या काही आठवड्यांत बहुतेकांचा त्रास आपोआप ओसरतो. महिना उलटूनही दुःस्वप्नं, टाळाटाळ, सततची सावधगिरी सुटत नसेल तर तज्ज्ञांकडे जायलाच हवं. जीव नकोसा झाल्याची भाषा आली, तर एक दिवसही थांबू नये. लहान मुलं बोलत नाहीत, तोच प्रसंग पुन्हा पुन्हा खेळतात. झोपेच्या गोळ्या मनानं देऊ नयेत, हेही आम्हाला उशिरा कळलं.

भावानं उपचारात तो प्रसंग सांगितला, पण स्वतःच्या गतीनं आणि हे काम शिकलेल्या माणसासमोर. धडधड वाढली की पाय जमिनीवर घट्ट रोवून समोर दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावं घ्यायची, हेही तो तिथंच शिकला. आता तो गाडीत बसतो. चालवत नाही अजून.

संपादक महोदय, एक विनंती आहे. दुर्घटनेतून नुकत्याच बाहेर आलेल्या माणसापुढे माइक धरून ‘तेव्हा तुम्हाला काय वाटलं?’ असं विचारलं जातं. आपल्या वार्ताहरांनी तरी आधी त्याला पाणी हवंय का, घरी कळवायचंय का, हे विचारावं. नको म्हणाला, तर त्याच्याविना बातमी द्यावी.

आपली एक वाचक