बेट्टा हवेतून श्वास घेतो, म्हणून त्याला ओंजळभर पाणी पुरते असे नाही

मा. संपादक,
सस्नेह नमस्कार.

घराची सजावट, कामाच्या टेबलाची मांडणी किंवा लहान मुलांसाठी भेटवस्तू अशा विषयांवरील मजकुरात बेट्टा, म्हणजेच फायटर मासा, वारंवार दिसतो. बहुतेक छायाचित्रांत तो गोल काचेच्या भांड्यात, उंच फुलदाणीत किंवा एखाद्या बरणीत असतो. सोबत हमखास असे सांगितलेले असते की हा मासा थेट हवेतून श्वास घेतो, त्यामुळे त्याला ना मोठी टाकी लागते, ना फिल्टर, ना फारशी देखभाल. यातला हवेतून श्वास घेण्याचा भाग खरा आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र साफ चुकीचा आहे. नीट सांभाळला तर तीन-चार वर्षे सहज जगू शकणारा हा मासा अशा भांड्यात अनेकदा काही महिन्यांतच दगावतो, आणि पाळणाऱ्याची समजूत अशी होते की या माशाचे आयुष्यच तेवढे असावे. मी गेली अनेक वर्षे बेट्टा पाळत आहे आणि या एका गैरसमजाविषयी सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते.

बेट्टाच्या डोक्यात, कल्ल्यांच्या वरच्या पोकळीत, घड्या पडलेला आणि सूक्ष्म रक्तवाहिन्यांनी भरलेला एक अवयव असतो. त्याला लॅबिरिंथ म्हणतात. मासा पृष्ठभागावर येऊन तोंडाने हवा घेतो आणि तिच्यातील ऑक्सिजन या अवयवामार्फत रक्तात मिसळतो. गुरामी माशांमध्येही हीच सोय आहे. पिल्ले अंड्यातून बाहेर येतात तेव्हा हा अवयव तयार नसतो, तो पुढच्या काही आठवड्यांत विकसित होतो. पूर्ण वाढ झालेला मासा मात्र स्वच्छ, भरपूर ऑक्सिजन असलेल्या पाण्यातही अधूनमधून वर येऊन हवा घेतोच. म्हणजे पाण्यात ऑक्सिजन कमी पडला तर काय करायचे, या एका अडचणीवरचा हा निसर्गाने दिलेला उपाय आहे, आणि तो तेवढाच आहे. शरीरात तयार होणारा अमोनिया हा मासा इतर माशांप्रमाणेच मुख्यतः कल्ल्यांवाटे पाण्यात सोडतो, आणि ते नाजूक कल्ले दिवसरात्र त्याच पाण्यात भिजत असतात. श्वास हवेतून घेतल्याने कल्ल्यांना होणारी इजा टळत नाही, की थंड पाणी उबदार होत नाही.

दुसरा युक्तिवाद निसर्गाचा दाखला देऊन केला जातो: हे मासे मूळचे डबक्यात राहणारे, मग भांडे त्यांना परकेपणाचे का वाटावे? बेट्टा स्प्लेंडेन्स हे शास्त्रीय नाव या माशाला चार्ल्स टेट रेगन यांनी १९१० मध्ये दिले. तो मूळचा थायलंड आणि आसपासच्या प्रदेशातला. थायलंडने २०१९ मध्ये त्याला आपला राष्ट्रीय जलचर म्हणून जाहीर केले. तिथली भातखाचरे, दलदली आणि संथ पाण्याचे चर हे त्याचे घर. या जागा उथळ असतात हे खरे, परंतु उथळ पाणी म्हणजे थोडे पाणी नव्हे. वीतभर खोलीचे खाचर दूरवर पसरलेले असते, त्यात वनस्पती दाटलेल्या असतात, तळाच्या चिखलात जिवाणूंची अफाट वस्ती असते, आणि एकेका नराला स्वतःची हद्द राखायला पुरेशी जागा असते. कडक उन्हाळ्यात काही मासे आटत्या डबक्यांत अडकतात. ती त्यांच्यावर आलेली आपत्ती असते. त्यातून ते तगून निघतात, म्हणून आपण त्यांना कायम त्याच स्थितीत ठेवावे असा अर्थ निघत नाही.

आता पाण्याच्या प्रमाणाकडे येतो, कारण खरा प्रश्न इथेच आहे. मासा दिवसभरात जेवढा अमोनिया सोडतो तेवढा तो भांड्यात असो वा टाकीत, सोडतोच. दोन लिटरच्या भांड्यात त्याची तीव्रता वीस लिटरच्या टाकीच्या दहापट होते. शिवाय अमोनियाचा विषारीपणा पाण्याच्या सामूवरही (pH, म्हणजे पाणी किती आम्ल वा अल्क आहे याचे माप) अवलंबून असतो. २५ अंश सेल्सियसला सामू ७ असेल तर एकूण अमोनियापैकी अर्धा टक्का किंवा किंचित अधिक भाग विषारी स्वरूपात असतो. सामू ८ झाला की तोच भाग पाच टक्क्यांच्या पुढे जातो. डोळ्यांना दोन्ही पाणी सारखेच नितळ दिसते. पाणी स्वच्छ दिसते म्हणून ते सुरक्षित आहे, हा समज म्हणूनच धोक्याचा आहे, आणि अमोनिया व नायट्राइट मोजणारे चाचणी संच पाळणाऱ्याने शोभेच्या दगडांआधी घ्यावेत असे मी आग्रहाने म्हणतो.

मुरलेल्या, म्हणजे काही आठवडे चालून स्थिरावलेल्या, टाकीत या अमोनियाची विल्हेवाट जिवाणू लावतात. एका गटातील जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, जे माशासाठी तितकेच घातक असते. दुसरे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात, जे थोड्या प्रमाणात मासा सहन करू शकतो आणि जे वनस्पती वापरतात किंवा पाणी बदलताना निघून जाते. ही साखळी नव्या टाकीत आपोआप सुरू नसते. ती उभी राहायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, आणि शक्य असेल तर या काळात टाकीत मासा न सोडता अमोनियाचा मोजका पुरवठा करून ती उभी करणे सर्वांत चांगले. एखाद्या निरोगी, जुन्या टाकीतील फिल्टरच्या स्पंजाचा तुकडा मिळाला तर हा काळ बराच कमी होतो. इथे एक गोष्ट विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे: हे जिवाणू पाण्यात फारसे नसतात, ते फिल्टरमधील स्पंजावर, वाळूवर आणि पानांवर चिकटून वाढतात. त्यामुळे स्पंज नळाखाली खळाखळा धुणे म्हणजे क्लोरीनने ती वस्ती मारून टाकणे होय. टाकीतून काढलेल्या पाण्यातच तो दोन-चारदा पिळून परत बसवावा.

भांड्याच्या बाजूने बोलणारे सांगतात की आम्ही दर दोन दिवसांनी सगळे पाणी बदलतो. त्यांची मेहनत प्रामाणिक असते, पण सगळे पाणी एकदम बदलताना तापमान आणि सामू एकाच क्षणी बदलतात आणि माशाच्या शरीराला तो धक्का पुन:पुन्हा सोसावा लागतो. त्याऐवजी पुरेशा मोठ्या टाकीत आठवड्याला एक चतुर्थांशाच्या आसपास पाणी बदलणे पुरते. नळाचे पाणी रात्रभर उघडे ठेवल्याने क्लोरीन उडून जातो. मात्र जिथे शुद्धीकरणासाठी क्लोरामाइन वापरतात तिथे ही पद्धत चालत नाही, कारण ते तसे उडत नाही. पाण्यातील क्लोरीन निष्प्रभ करणारे द्रावण बाटलीवरील प्रमाणात वापरणे हाच भरवशाचा मार्ग आहे. नवे पाणी जुन्याच्याच तापमानाचे असावे.

तापमानाचा मुद्दा तर सजावटीच्या मजकुरात येतच नाही. बेट्टा उष्ण कटिबंधातील मासा आहे आणि त्याला २४ ते २८ अंश सेल्सियसच्या दरम्यानचे स्थिर पाणी मानवते. त्याहून थंड पाण्यात त्याचे पचन मंदावते, रोगप्रतिकारशक्ती खालावते, तो तळाशी पडून राहतो, आणि घरातली माणसे म्हणतात, किती शांत मासा आहे! भांड्यातले थोडे पाणी दुपारी चटकन तापते आणि पहाटे तितक्याच चटकन गार होते. ही चढउतार स्थिर थंडीइतकीच त्रासदायक असते. वीस लिटरच्या टाकीला थर्मोस्टॅट असलेला २५ वॅटचा हीटर बहुधा पुरतो. सोबत एक साधा थर्मामीटर हवा, कारण हीटरवरील आकडा आणि पाण्याचे प्रत्यक्ष तापमान यांत फरक असू शकतो.

एका बेट्टासाठी सुमारे वीस लिटरची टाकी, उंचीपेक्षा लांबी अधिक असलेली, ही माझी शिफारस आहे. उंच फुलदाणीत माशाला प्रत्येक श्वासासाठी सरळ वर चढावे लागते, आणि निवडक पैदाशीतून लांब, जड पर लाभलेल्या हाफमून किंवा व्हेलटेल प्रकारच्या नराला ते फार दमवते. मूळ रानटी मासा आखूड परांचा आणि चपळ असतो. हा झगमगता पिसारा माणसाने त्याच्यावर लादला आहे, तेव्हा त्याचा भार हलका करण्याची जबाबदारीही आपलीच. म्हणून फिल्टरचा प्रवाह मंद असावा. हवेच्या पंपावर चालणारा स्पंज फिल्टर यासाठी उत्तम. पृष्ठभागाजवळ रुंद पान किंवा तरंगती वनस्पती असली की मासा तिच्यावर विसावतो. जावा फर्न आणि अनुबियास या वनस्पती कमी उजेडातही टिकतात. टोकदार प्लास्टिकची झाडे टाळावीत, त्यांत पर फाटतात. टाकीवर झाकण हवेच, कारण बेट्टा उडी मारतो. मात्र पाणी आणि झाकण यांच्यात काही सेंटीमीटर हवा मोकळी राहिली पाहिजे.

फुलदाणीत वर रोप आणि खाली मासा अशी जी रचना दाखवतात, तिच्याविषयी तर तीव्र आक्षेप नोंदवतो. मासा रोपाची मुळे खाऊन जगतो हे त्यासोबतचे विधान पूर्णपणे असत्य आहे. बेट्टा मांसाहारी आहे. त्याचे वर वळलेले तोंडच पृष्ठभागावरील कीटक आणि डासांच्या अळ्या टिपण्यासाठी घडलेले आहे. मुळे कुरतडणारा मासा भुकेने कुरतडत असतो. त्याला प्रथिनयुक्त, बेट्टासाठी बनवलेले बारीक दाणे दिवसातून एकदा-दोनदा, दर वेळी मोजके दोन-तीन द्यावेत आणि अधूनमधून डॅफ्निया किंवा आर्टेमिया हे पाण्यातले बारीक जीव द्यावेत. उपासमारीइतकाच अतिआहारही वाईट असतो: पोट फुगते, माशाचा तोल जातो, आणि न खाल्लेले दाणे कुजून पुन्हा अमोनियाच वाढतो.

दोन नर एकत्र ठेवू नयेत हे बहुतेकांना ठाऊक असते. पण एकमेकांना दिसतील अशा शेजारच्या भांड्यांत ते ठेवणे किंवा पाहुण्यांच्या करमणुकीसाठी तासन् तास आरसा समोर धरणे हेही त्यांना सतत लढाईच्या ताणाखाली ठेवणेच आहे. मध्ये अपारदर्शक पुठ्ठा लावला की प्रश्न मिटतो. तसेच नराने पृष्ठभागावर बुडबुड्यांचे घरटे केले म्हणजे तो सुखात आहे, असे समजून पुष्कळजण निश्चिंत होतात. घरटे करणे ही त्याची प्रजननाची उपजत प्रेरणा आहे आणि ती वाईट पाण्यातही जागी होते. याच घरट्यात नर अंडी तोंडाने उचलून ठेवतो, खाली पडलेली पुन्हा वर नेतो आणि पिल्ले स्वतंत्रपणे पोहू लागेपर्यंत पहारा देतो. इतके गुंतागुंतीचे वर्तन असलेल्या जिवाला आपण टेबलावरची शोभेची वस्तू मानतो, याचे मला मनापासून दुःख होते.

पर आवळून धरणे, रंग फिका पडणे, परांच्या कडा झिजणे, एरवीपेक्षा वरचेवर पृष्ठभागाकडे धावणे ही बिघाडाची पहिली चिन्हे होत. अशा वेळी औषधाच्या बाटलीकडे हात नेण्यापूर्वी पाण्याची चाचणी करावी. पर झिजण्याच्या सुरुवातीच्या अवस्थेत केवळ पाणी सुधारल्यानेही मासा अनेकदा सावरतो. खवले उभे राहून अंग फुगले असेल तर मात्र बहुतेक वेळा फार उशीर झालेला असतो.

ज्यांच्या घरी आज बेट्टा भांड्यातच आहे, त्यांनी जिवाणूंची साखळी तयार होण्याची वाट पाहत त्याला आणखी महिनाभर तिथेच ठेवू नये. फिल्टर आणि हीटर लावलेली वीस लिटरची टाकी मुरलेली नसली तरी भांड्यापेक्षा बरी, कारण तेवढ्या पाण्यात अमोनिया सावकाश चढतो आणि आपल्याला वेळ मिळतो. नव्या टाकीतील पाणी अर्ध्या तासात थोडे थोडे भांड्यात मिसळत माशाला सवय करावी, मग त्याला अलगद हलवावे. त्यानंतर रोज चाचणी करावी, अमोनिया किंवा नायट्राइट दिसताच पाव ते अर्धे पाणी बदलावे, आणि दोन्ही सलग काही दिवस शून्य येऊ लागले की आठवड्याच्या क्रमावर यावे. या काळात खाणे नेहमीपेक्षा कमी द्यावे.

आपल्याला माझी विनंती अशी की यापुढे आपल्या पुरवण्यांत बेट्टाचे छायाचित्र छापले जाईल तेव्हा ते टाकीतील माशाचे असावे, आणि त्याखाली किती लिटर पाणी, किती तापमान व कोणता फिल्टर एवढी माहिती दोन ओळींत द्यावी. घरी मासा आणण्याचा विचार करणारा वाचक बहुधा असेच चित्र पाहून पहिल्यांदा मोहात पडतो, आणि ही माहिती त्याला त्याच क्षणी हवी असते.

आपला विश्वासू,
एक मत्स्यपालक वाचक