वणवा विझल्यावरही तुम्ही येत राहिलात

आदरणीय वनरक्षक ताई,

सप्रेम नमस्कार.

तुमची बदली झाल्याचं परवा दूध घालायला गेलो तेव्हा डेअरीच्या दारात कळलं. नारळ-टॉवेल द्यायचा राहून गेला. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय. कोल्हापूर जिल्ह्यात ज्यांच्या उसाचा बांध डोंगराला चिकटलेला आहे, त्यांनीही ते वाचावं अशी इच्छा आहे.

आधी माझी चूक सांगतो. होळी होऊन आठवडा झाला होता. उसाची तोड झालेली, खोडव्याला, म्हणजे तोडलेल्या बुडख्यांतून येणाऱ्या पुढच्या पिकाला, पाणी सोडायची घाई, म्हणून दुपारी एकला पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला, पेटवलं. आमच्याकडं सगळे दुपारीच पेटवतात, कडक वाळलेलं असतं, भुरकन जळून जातं. वारं फिरलं आणि बांधावरचं गवत धरलं. त्याला लागून माझंच वरकस, म्हणजे डोंगरउतारावरचं गवता-झाडीचं रान, आणि वरकसाच्या वर वनखात्याचा हद्दीचा दगड. आग दगडापलीकडं जायला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. चढावर वणवा पळतो हे ऐकून होतो. खालच्या जाळानं वरचं गवत आधीच तापलेलं असतं, त्यामुळं ते नुसतं पेटत नाही, भडकतं.

तुम्ही चार वनमजूर आणि पाचोळा उडवणारे दोन ब्लोअर घेऊन आलात तेव्हा मी निरगुडीचा ओला फाटा घेऊन आगीच्या तोंडालाच झोडपत होतो. तुम्ही मला दंडाला धरून बाजूला ओढलंत. "काका, तोंडाला जायचं नाही. कडेनं यायचं." मग धनगरवाड्याच्या पायवाटेपर्यंत चढून तुम्ही वाटेवरचा पाचोळा साफ करून घेतलात आणि तिथून खालच्या बाजूला स्वतःच आग लावलीत. माझ्या पोटात गोळा आला. पण खालून येणाऱ्या जाळाला पुढं खायला काही उरलं नाही. रात्री वारं पडलं, दोन वाजता शेवटचा ओंडका विझला. त्या रात्रीचं ऋण आहेच.

पण हे पत्र त्या रात्रीपुरतं नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही पंचनाम्यात माझं नाव लिहिलंत. राखीव जंगलात आग जाऊ देणं हा भारतीय वन अधिनियम, १९२७ खाली गुन्हा आहे, हे मला त्या दिवशी समजलं. खरं सांगतो, दोन दिवस तुमचा राग होता. तिसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही दारात उभ्या. "चला काका, डोंगर बघून येऊ."

ती सकाळ मी विसरणार नाही. राखेवर गोगलगायींचे शंख चुन्यासारखे पांढरे पडलेले. बिळाच्या तोंडाशी घोरपड, दोन हात आणखी आत गेली असती तर वाचली असती. रातवा उघड्या जमिनीवर अंडी घालतो हे तुम्ही सांगितलंत, आणि पाचोळ्यात काळी पडलेली दोन अंडी दाखवलीत. गायबगळे आणि कोतवाल मात्र होरपळलेले किडे टिपत होते. तिथून पुढं साळिंदराचं बीळ होतं. त्याच्या तोंडाशी राखेत ताजे ठसे आणि एक गळलेला काटा. वर एवढा जाळ झाला तरी वीतभर खाली माती गार राहते, म्हणून ते वाचलं. तुम्ही मला त्या मातीत हात घालायला लावलात.

मग तुम्ही राख वाचायला शिकवलंत. हा ससा, हे भेकर, हा बिबट्या रात्री झऱ्याकडं गेला. आणि त्याच राखेत माणसांच्या चपलांचे ठसे, आदल्या रात्रीचे. मी गप्प झालो. वणव्यानं जनावर मेलं नाही तरी त्याचा आडोसा जातो, पाणी एखाद्याच झऱ्यावर उरतं, आणि कोण कुठून जातं ते राख सगळ्यांनाच सांगते, शिकाऱ्यालासुद्धा. झऱ्याच्या वाटेवर मोटारसायकलच्या क्लचच्या तारेची फासकी तुम्हीच सोडवलीत. पुढच्या पंधरा दिवसांत गावातल्या पोरांनी तशाच आणखी अकरा गोळा केल्या. एवढी वर्षं आम्ही 'डुक्कर मारतात' म्हणून तिकडं काणाडोळा करत होतो. तारेला डुक्कर, भेकर, बिबट्या सगळे सारखेच, हे तुम्ही शांतपणे सांगितलंत. मुद्दाम आगी लावणारेही असतात, कारण वळवाचा एक पाऊस झाला की जळक्या रानात कोवळा फुटवा येतो आणि जनावर तिथं उघड्यावर चरायला येतं.

तसंच झालं. वळीव झाला, फुटवा आला आणि त्यावर गवे आले. पोरांनी आलटून-पालटून रात्रीचा पहारा दिला. एक गवा माझ्या खोडव्यात घुसून चार सऱ्या तुडवून गेला, त्याचा पंचनामाही तुम्हीच केलात. ज्या दाजीपूरच्या रानात शाहू महाराजांच्या काळात शिकार चालायची, तिथं १९५८ पासून गव्याला अभय आहे. आमच्या डोंगरावर निदान तारा तरी नकोत, एवढं गावाला पटलं.

तो फुटवा बघून माझा चुलता म्हणाला, "बघ, जाळलं म्हणून गवत आलं." लहानपणापासून मीही हेच ऐकलेलं. तुम्ही त्यांना कुसळी गवताचं बी हातावर ठेवून थुंकी लावायला सांगितलंत. ते गिरमिटासारखं फिरलं. कुसळी अशी मातीत शिरून बसते, म्हणून दरवर्षी जाळलेल्या डोंगरावर तीच वाढत जाते आणि मारवेल, शेडा ही चाऱ्याची गवतं हळूहळू मागं पडतात. गुरं कुसळीला तोंड लावतात ती कोवळी असेपर्यंतच. चुलता काही बोलला नाही, पण यंदा त्यानं गवत कापून गंजी रचलीय.

आता जमिनीचं. मे महिन्यात एक एजंट आला. झाडी गेलीच आहे, जेसीबी लावून सपाट करू, प्लॉट पाडू, म्हणाला. पैसा मोठा होता आणि माझ्यावर कर्ज आहे. मी तुम्हाला फोन केला. वरकस माझ्या मालकीचं, तुम्हाला त्यात पडायचं कारण नव्हतं. तरी तुम्ही आलात, काळ्याठिक्कर ऐनाच्या सालीवर कोयत्याच्या टोकानं ओरखडा काढलात. आत हिरवं होतं. कुंभ्याचंही तसंच. जांभळाची रोपं मात्र गेली, तेही लपवलं नाहीत. "झाडं जिवंत आहेत, निर्णय तुमचा," एवढंच म्हणालात आणि निघून गेलात. एजंटाला मी नाही म्हणालो.

पहिल्या मोठ्या पावसाला ओढा शाईसारखा काळा वाहिला. राखेबरोबर मातीही चालली होती. तुम्ही सांगितल्याप्रमाणं घळींमध्ये दगडांचे ताल आणि जळक्या फांद्यांच्या आडव्या ओळी आधी घातल्या होत्या, म्हणून निम्मी तरी अडली असं मला वाटतं. पावसाळाभर गुरं वर सोडली नाहीत. यावर भांडणं झाली, विशेषतः ज्यांच्याकडं शेळ्या आहेत त्यांच्याशी, आणि त्यांचं म्हणणं अगदी खोटं नव्हतं. त्यांना खालच्या रानातला चारा कापून न्यायची मुभा दिली. श्रावणात मोकळ्या झालेल्या जागेत तणातली रानमोडी उठली, ती शाळेच्या पोरांनी मुळासकट उपटली. थोडी उरली आहे.

यंदा माझं पाचट जळणार नाही. कुट्टी करून सरीत पसरायचं ठरवलंय. डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षणाचे उपग्रहावरून येणारे आगीचे संदेश आता गावातल्या पाच पोरांच्या मोबाईलवर येतात, तुम्हीच नोंदणी करून दिलीत. पौष संपायच्या आत धनगरवाड्याच्या पायवाटेवर जाळरेषा, म्हणजे आग अडवणारा मोकळा पट्टा, काढतोय. प्रत्येक घरातून एक माणूस येणार आहे.

तुम्ही ओरखडा काढलेल्या ऐनाला बुंध्यापासून सात धुमारे आलेत. त्यातले दोन माझ्या खांद्याला लागतात. साळिंदराच्या बिळापुढं परवा नवी माती उकरलेली दिसली. पोरगी फोटो काढून तुम्हाला पाठवणार आहे. इकडं येणं झालं तर जेवायलाच या, नुसत्या चहावर जाऊ देणार नाही.

आपला,
हद्दीच्या दगडाखालचा शेतकरी
तालुका भुदरगड, जिल्हा कोल्हापूर