कॉलेज फुटबॉलमधली पारख

महोदय,

अमेरिकेतील कॉलेज फुटबॉलबद्दल (म्हणजे हातात चेंडू घेऊन खेळायचे अमेरिकन फुटबॉल) आपल्याकडे जे छापून येते त्याचा सूर बहुधा एकच असतो: जुलै २०२१ मध्ये खेळाडूंना स्वतःच्या नावावर कमाई करायची मुभा मिळाली आणि तेव्हापासून ज्याची थैली मोठी त्याचाच करंडक. यातला निम्माच भाग खरा आहे.

जुलै २०२५ पासून विद्यापीठे खेळाडूंना थेट पैसेही देऊ शकतात. पहिल्या वर्षाची मर्यादा सुमारे २.०५ कोटी डॉलर, तीही सगळ्या खेळांसाठी मिळून. मोठ्या विद्यापीठांत त्यातला सिंहाचा वाटा फुटबॉलकडे जातो. प्रायोजकांचा पैसा वेगळा. पण तिजोरी भरलेली असूनही निवड चुकली की काय होते, ते टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने दाखवले. २०२२ ची त्यांची शाळांतून भरती केलेल्या नवोदितांची तुकडी मानांकनात देशात पहिली होती. त्याच मोसमात संघ ५ सामने जिंकला, ७ हरला. पुढच्या वर्षी प्रशिक्षक जिंबो फिशर यांना काढले, तेव्हा करारापोटी त्यांना ७.५ कोटी डॉलरहून अधिक देणे लागले. पहिल्या वर्षाच्या त्या मर्यादेने ही रक्कम सर्व खेळाडूंच्या तीन वर्षांच्या मानधनापेक्षा जास्त भरते.

भरतीआधी शालेय खेळाडूंना मिळणारे मानांकनाचे तारे मुळात काय मोजतात, हे समजून घ्यायला हवे. पाच तारे दरवर्षी जेमतेम बत्तीस मुलांना मिळतात, कारण एनएफएल या व्यावसायिक लीगच्या वार्षिक खेळाडू-निवडीच्या पहिल्या फेरीत बत्तीस जागा असतात. म्हणजे सतरा वर्षांच्या मुलाची शरीरयष्टी पाहून केलेला तो दूरचा अंदाज आहे. तो निरुपयोगी मुळीच नाही. बहुतेक विजेत्या संघांत निम्म्याहून अधिक मुले चार-पाच ताऱ्यांचीच असत. पण येत्या शनिवारी कोण उपयोगी पडेल, हे त्यातून कळत नाही.

इंडियानाने नेमके तेच पाहिले. सर्वाधिक सामने हरलेल्या संघांच्या यादीत हे विद्यापीठ अग्रभागी होते. २०२३ च्या अखेरीस प्रशिक्षक म्हणून आलेले कर्ट सिग्नेटी जेम्स मॅडिसन विद्यापीठातून आपले डझनभर खेळाडू घेऊन आले. त्यांची कसोटी एकच: मैदानात प्रत्यक्ष काय केले? क्वार्टरबॅक (चेंडू फेकून चढाई चालवणारा खेळाडू) फर्नांडो मेंडोझा शाळेत असताना दोन-तीन ताऱ्यांचा. पण कॅलिफोर्निया विद्यापीठाकडून तो दोन मोसम खेळलेला होता. २०२५ मध्ये त्याला हाइझमन, म्हणजे वर्षातील सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा पुरस्कार, मिळाला आणि जानेवारी २०२६ मध्ये राष्ट्रीय अंतिम सामन्यात मायामीला २७-२१ असे हरवून संघ सोळाच्या सोळा सामने जिंकला.

आता संघ बदलण्याची खिडकी २ ते १६ जानेवारी एवढीच उघडी असते. पंधरवड्यात चित्रफिती पाहून भाव ठरवायचा, तर ठळक क्षणांची फीत बाजूला ठेवून पूर्ण सामने पाहावे लागतात: तिसऱ्या डाऊनला (दहा यार्ड पुढे जाण्याच्या चार प्रयत्नांपैकी तिसऱ्या), अंगावर बचावपटू धावून येताना क्वार्टरबॅकचे पाय जागेवर राहतात का, चौथ्या सत्रात लाइनमन (पुढच्या फळीतला धिप्पाड खेळाडू) कंबरेतून वाकतो की गुडघ्यातून, समोरचा संघ कोणत्या दर्जाचा होता, दुखापतीने किती सामने हुकले, पात्रतेचे मोसम किती उरलेत. घाईत हमखास होणारी चूक म्हणजे दुबळ्या संघांविरुद्धचे आकडे पाहून मोठी रक्कम मोजणे.

आपल्याकडचे शेकडो विद्यार्थी या विद्यापीठांत शिकतात आणि त्यांचे पालक ही पाने वाचतात. मानधनाच्या आकड्याशेजारी त्या खेळाडूने आदल्या मोसमात किती सामने सुरुवातीपासून खेळले, तेही छापावे, ही विनंती.

— एक वाचक, पुणे