पहिल्याच भागात मार्शलला गोळी लागते

मा. संपादक,

गेल्या रविवारच्या पुरवणीत मराठी मालिकांवर लेख होता, त्यात म्हटलं होतं की अर्ध्या तासात माणूस नीट उभा राहत नाही म्हणून गोष्ट लांबवावीच लागते. मला हे अजिबात पटलेलं नाही, म्हणून लिहितेय.

'गनस्मोक' ही जुनी अमेरिकन वेस्टर्न, म्हणजे घोडे-बंदुकांची मालिका. सीबीएस या तिकडच्या चॅनेलवर १९५५ ते १९७५, वीस सीझन, ६३५ भाग. तिचा १० सप्टेंबर १९५५ चा अर्ध्या तासाचा पहिला भाग लेखकांनी आणि चॅनेलवाल्यांनी एकदा बघाच. सुरुवातीला वेस्टर्न सिनेमांचा मोठा स्टार जॉन वेन स्वतः येऊन मालिकेची ओळख करून देतो आणि मग कॅन्ससमधलं डॉज सिटी, टेक्सासहून गुरांचे तांडे यायचे ते गाव, आणि तिथला मार्शल, म्हणजे कायदा सांभाळणारा अधिकारी, मॅट डिलन.

गावात डॅन ग्रॅट नावाचा माणूस आलेला असतो. टेक्सासमधल्या अमारिलोचा शेरीफ (तिकडचा पोलीसप्रमुख) त्याला पकडायला येतो आणि ग्रॅट त्याला सरळ मारून टाकतो. मग मॅट त्याला अटक करायला जातो, आणि आपण गृहीतच धरतो ना की हा हिरो आहे, हा जिंकणार, तर तसं काही होत नाही! ग्रॅटचा हात जास्त चपळ, मॅटलाच गोळी लागते आणि तो धुळीत पडतो. पहिल्याच भागात, ज्याच्या जोरावर मालिका चालवायची तोच माणूस. मला हे फार धाडसाचं वाटतं.

डॉक्टर अ‍ॅडम्स त्याला वाचवतात, तो उठतो. आणि पुढचं जे आहे त्यासाठी मी हे पत्र लिहितेय. मॅट काही रात्रंदिवस प्रॅक्टिस करून ग्रॅटपेक्षा फास्ट होत नाही, तो विचार करतो. ग्रॅट प्रत्येक वेळी समोरच्याच्या अगदी जवळ जाऊनच का गोळी झाडतो? कारण हात चपळ आहे पण नेम कच्चा आहे. मग दुसऱ्या वेळी मॅट अंतर ठेवून उभा राहतो, त्याला जवळ येऊच देत नाही. गोळी आधी ग्रॅटच झाडतो पण ती चुकते, आणि मॅट शांतपणे नेम धरतो. संपलं. यात माणूस उभा राहिला नाही असं कोण म्हणेल? हरलेला, घाबरलेला असणारच, तरी डोकं वापरणारा माणूस अर्ध्या तासात दिसला की. (मॅटचं काम करणारा जेम्स आर्नेस दुसऱ्या महायुद्धात, १९४४ मध्ये इटलीत आंझिओला पायाला खरोखर जखमी झालेला होता, हे कळल्यावर तो भाग मी परत बघितला.)

१९६१ पासून भाग तासाभराचे झाले. त्यातही चांगले आहेत, पण मला अर्ध्या तासवाले जास्त आवडतात, कारण तिथे एकही सीन फुकट नाही.

आणि आपल्याकडे हे कधी नव्हतंच असं नाही हो. मुंबई दूरदर्शनवर चिमणराव-गुंड्याभाऊ असायचे, नंतर पोलिसांच्या केसेसची 'एक शून्य शून्य' होती, आठवडाभर वाट बघायचो आणि त्या दिवशी गोष्ट पूर्ण मिळायची. आता आठवड्याचे सहा दिवस मालिका, वर महाएपिसोड, आणि एका थपडेवर तिघांचे चेहरे दोन-दोनदा दाखवतात. दोष कलाकारांचा नाही, दादर-ठाण्याच्या नाटकांतून आलेली ही मंडळी ताकदीची आहेत, त्यांना करायला काही दिलंच जात नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

घोडे आणि बंदुका नकोत आपल्याला. मुंबईत ससून डॉक आहे, भायखळ्याची मंडई आहे, रेल्वे पोलिसांची चौकी आहे, रोज एक गोष्ट घडते तिथे. एखाद्या चॅनेलने रविवारी संध्याकाळी फक्त अर्धा तास द्यावा, दर आठवड्याला वेगळी पूर्ण गोष्ट, लेखक हवं तर दर वेळी नवा. एकांकिका स्पर्धांमधून दरवर्षी इतकी मुलं लिहितायत त्यांनाच विचारा.

तुमच्या पुरवणीत चॅनेलच्या लोकांच्या मुलाखती येतात, पुढच्या मुलाखतीत त्यांना हा प्रश्न थेट विचाराल का? आणि उत्तर जसंच्या तसं छापा, ही विनंती.

– एक वाचक, गिरगाव, मुंबई