कुर्ल्याला न उतरलेल्या बाई

संपादक महोदय,

पावसाळा आला की २६ जुलै २००५ ची आठवण निघतेच. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्या रात्री अनेक मुंबईकरांनी अनोळखी माणसांना घरात घेतले आणि पाण्यातून चालत निघालेल्यांना चहा-बिस्किटे दिली. त्याचे कौतुक करावे तेवढे थोडेच. परंतु आपल्या माणुसकीची नोंद संकटाच्या दिवशीच होते आणि एरवीच्या साध्या मंगळवारी कोणी कोणासाठी काय केले याचा कोठे उल्लेखही होत नाही, याची मला खंत वाटते. म्हणून हे पत्र.

तीन वर्षांपूर्वी माझ्या आईवर परळच्या एका रुग्णालयात केमोथेरपी सुरू होती. एका संध्याकाळी आम्ही दोघी परळहून धीम्या लोकलच्या महिला डब्यात चढलो. आईच्या डोक्याला रुमाल बांधलेला, माझ्या हातात रिपोर्टची फाइल, आणि डब्यात पाय ठेवायला जागा नाही. खिडकीजवळच्या एका बाईंनी आमच्याकडे एकदाच पाहिले आणि "मला कुर्ल्याला उतरायचंय, या, तुम्ही बसा," असे म्हणून त्या उठल्या. महिला डब्यात उठणाऱ्या बाईची जागा कोणीतरी आधीच मागून ठेवलेली असते, हे रोज प्रवास करणाऱ्यांना ठाऊक आहे. त्या दिवशी तीवर कोणी हक्क सांगितला नाही. कुर्ला आले आणि गेले. घाटकोपर, विक्रोळी, भांडुपही गेले. आम्ही मुलुंडला उतरलो तेव्हा त्या बाई वरची कडी धरून तशाच उभ्या होत्या. आईला संकोच वाटू नये म्हणून त्यांनी कुर्ल्याचे नाव घेतले होते, हे माझ्या तेव्हा कोठे लक्षात आले.

त्या सहा महिन्यांत नातेवाइकांनी आमच्यासाठी पुष्कळ केले, आणि त्याची जाणीव आम्हाला आहे. तरीही आजारपणाचा विषय निघाला की आई आधी सांगते ती त्या बाईंची गोष्ट.

असे का होते, याचे उत्तर अमित कुमार आणि निकोलस एप्ली या संशोधकांच्या २०२२ मधील अभ्यासात मला सापडले. शिकागोत ऐन थंडीत, बर्फावरील स्केटिंगच्या मैदानापाशी त्यांनी काही जणांना गरम चॉकलेटचा पेला देऊन तो अनोळखी व्यक्तीला द्यायची मुभा दिली. घेणाऱ्याला किती बरे वाटेल याचा देणाऱ्यांनी केलेला अंदाज प्रत्यक्षापेक्षा बराच कमी निघाला, कारण देणाऱ्याचे लक्ष पेल्यावर होते, तर घेणाऱ्याच्या मनात राहिली ती त्यामागची आपुलकी. त्यांच्याच आणखी एका प्रयोगात, ज्यांना असा चांगुलपणा अनुभवास आला ते पुढे तिसऱ्याच अनोळखी माणसाशी अधिक उदारपणे वागले.

म्हणजे 'एवढ्याशाने काय होणार' या विचाराने आपण जे करायचे टाळतो, त्याचा आपला हिशेबच चुकलेला असतो. अपघातग्रस्ताला मदत करताना वाटणारे पोलीस-चौकशीचे भय निराळे. त्यावर सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये दिलेल्या निकालाने आणि मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीने मदत करणाऱ्यास संरक्षण दिले आहे. लोकलमधली जागा देताना, किंवा जिन्यावर कोणाची जड पिशवी उचलताना मात्र आड येते ती केवळ भीड. माझीही येत असे. आता डब्यात कोणाच्या हातात रुग्णालयाची फाइल दिसली की मीही जवळचे एखादे स्थानक सांगून उठते.

त्या बाईंचे नाव विचारायचे राहून गेले. हे पत्र त्यांच्या वाचनात आलेच, तर आई आता बरी आहे आणि एकटीने लोकलचा प्रवास करते, एवढे त्यांना कळावे.

आपली,
एक वाचक, मुलुंड (पूर्व), मुंबई