आई, पाहुण्यांना खरं तेच सांग

नागपूर

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

आई, जळगावचे पाहुणे येऊन गेल्यापासून तू नीट बोलत नाहीस. विमान दुरुस्तीच्या हँगरमध्ये कामाला असणाऱ्यांची लघवी नशेच्या पदार्थांसाठी तपासतात, हे त्यांना कुठून तरी कळलं, आणि त्यांनी तुला तोंडावर विचारलं की मुलीचं काही भानगडीचं आहे का. तू गप्प बसलीस आणि मग मला फोनवर म्हणालीस, "आपल्या पोरीले कशाले तपासता ते लोकं? तू नाही म्हन." या विषयावर फोनवर बोलायला गेलं की तुझा गळा दाटतो आणि बोलणं अर्धंच राहतं, म्हणून लिहितेय.

नाही म्हणता येत नाही, आणि आलं असतं तरी मी म्हटलं नसतं.

बाबांना यातलं निम्मं ठाऊक आहे. रेल्वेचं इंजिन चालवायचे तेव्हा भुसावळच्या लॉबीत साइन ऑन करताना, म्हणजे ड्युटीवर हजर होताना, ते दारू तपासायच्या मशीनमध्ये फुंकायचे आणि मगच गाडी घेऊन खंडव्याकडे किंवा बडनेऱ्याकडे निघायचे. तेव्हा कॉलनीत कुणी म्हटलं का, की यांच्यावर संशय आहे? आमच्याकडेही तसंच. पाकीट फोडून नवी नळी लावायची आणि यंत्र वाजेपर्यंत एका दमात फुंकायचं. ०.००० आलं की छोटी चिठ्ठी निघते, तिच्यावर तारीख आणि वेळ असते, खाली मी सही करते. वैमानिकांना हे फार आधीपासून होतं. डीजीसीएने, म्हणजे विमान वाहतुकीचे नियम करणाऱ्या आपल्या सरकारी खात्याने, सप्टेंबर २०१९ मध्ये विमानाची देखभाल करणारे, हवाई वाहतूक नियंत्रक आणि विमानतळावरचे ग्राउंड स्टाफ यांनाही त्यात घेतलं. दारूची मर्यादा शून्य, 'थोडीशी चालते' असं काही नाही.

लघवीची चाचणी ३१ जानेवारी २०२२ पासून आली. तीत गांजा, अफूपासूनचे पदार्थ, कोकेन, अ‍ॅम्फेटामाइन, बार्बिच्युरेट आणि बेंझोडायझेपिन (ही दोन्ही झोपेच्या, गुंगीच्या औषधांतली) बघतात. नोकरीवर घेण्याआधी ती होतेच, आमच्याकडे मध्येच अचानकही होते. नावं कॉम्प्युटर काढतो. परवा माझ्याबरोबर आमच्या हँगरचे मोठे साहेबही बाटली हातात घेऊन रांगेत उभे होते. आता हे आणखी वाढणार आहे. अमेरिकेच्या एफएएने, म्हणजे तिथल्या डीजीसीएने, डिसेंबर २०२४ मध्ये नियम काढला, की त्यांच्या विमान कंपन्यांच्या विमानांवर काम करणाऱ्या परदेशी हँगरांमध्येही तपासणी हवी. मुदत डिसेंबर २०२७ पर्यंत आहे.

बाबा, तिकडच्या या तपासणीच्या कायद्यामागे तुमची रेल्वे आहे, म्हणून तुम्हाला मुद्दाम सांगते. ४ जानेवारी १९८७, मेरीलँड राज्यातलं चेस नावाचं गाव. कॉनरेल या मालगाड्यांच्या कंपनीची एकमेकांना जोडलेली इंजिनं सिग्नल ओलांडून मेन लाइनवर आली आणि मागून भरधाव येणारी अ‍ॅमट्रॅकची प्रवासी गाडी त्यांच्यावर आदळली. १६ माणसं गेली. इंजिनावरच्या दोघांनी गांजा ओढला होता. आणि केबिनमध्ये इशारा देणाऱ्या शिटीचा आवाज टेप चिकटवून दाबून टाकलेला होता! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा तुमचाच चेहरा डोळ्यांपुढे आला. साध्या वायपरची तक्रारसुद्धा तुम्ही रजिस्टरात लिहिल्याशिवाय घरी यायचा नाहीत. त्या अपघातानंतर १९९१ मध्ये अमेरिकन संसदेने कायदा केला आणि रेल्वेबरोबर ट्रक, बस आणि विमानवाल्यांनाही त्यात आणलं.

आई, विमानातले दोन वैमानिक शेजारी बसतात, एकाचं काही बिनसलं तर दुसऱ्याला दिसतं. माझं काम रात्रीचं, कारण विमानं दिवसा उडतात. पहाटे तीनला मी चाकाच्या खोबणीत वाकून टॉर्च दातात धरून लॉकवायर पिळत असते. बोल्ट सैल पडू नये म्हणून त्याच्या डोक्यातून बारीक तार ओवून दुसऱ्या बोल्टला बांधतात. तार बोल्ट घट्ट होण्याच्या दिशेनेच ओढ देईल अशी बांधावी लागते. उलटी बांधली तरी वरून बघणाऱ्याला छानच दिसते. मग मी सही करते आणि विमान जातं. माझी चूक त्याच दिवशी कळेल असं नाही, कळेल तेव्हा मी विमानात नसेन. महत्त्वाच्या कामांना दुसरा माणूस येऊन स्वतंत्रपणे बघतो. पण बघणाराही त्याच रात्रपाळीतला, तितकाच दमलेला.

मला या तपासणीचं महत्त्व पटलं ते मात्र वेगळ्याच कारणाने. बाबा, तुम्ही लोको शेडमधल्या त्या फिटरकाकांचं सांगायचात. ते पिऊन आले की बाकीचे त्यांचं काम वाटून घ्यायचे, त्यांना मागच्या खोलीत झोपवायचे आणि साहेबाला सांगायचे की स्टोअरला गेलाय. सगळे जीव लावणारे होते. काकू पगाराच्या दिवशी मुलांना घेऊन गेटवर उभ्या राहायच्या ते मलाही आठवतं. काका गेले तेव्हा सगळी शेड रडली. पण त्यांना कुणी दवाखान्यात नेलं नव्हतं, कारण नेलं असतं तर साहेबाला कळलं असतं. यात त्या लोकांचा दोष नाही. मित्राचं नाव सांगायचं की त्याला झाकायचं, असा पेच पडला की आपल्याकडची माणसं झाकतात. मीही कदाचित झाकलं असतं. यंत्र असलं की हा पेच माझ्यावर येतच नाही.

आमच्यातले एक जुने तंत्रज्ञ अशाच अचानक चाचणीत सापडले. त्यांचं नाव लिहीत नाही. पहिली झटपट चाचणी पॉझिटिव्ह आली, मग प्रयोगशाळेत पक्की झाली आणि त्यांना कामावरून बाजूला केलं. पण घरी बसवलं नाही, व्यसनमुक्तीच्या उपचाराला पाठवलं, नियमातच तसं आहे. डॉक्टरांनी तंदुरुस्त ठरवल्यावर आणि पुन्हा चाचणी स्वच्छ आल्यावर ते परत आले. पुन्हा सापडले तर लायसन तीन वर्षांसाठी निलंबित होतं, तो धाक आहेच. त्यांच्या बायकोने मला सांगितलं की गेली कित्येक वर्षं त्या ज्याला डॉक्टरकडे नेऊ शकल्या नव्हत्या, तो माणूस या कागदामुळे गेला. फिटरकाकांच्या वेळी असा कागद असायला हवा होता, असं मला फार वाटतं.

चाचणीही न्यायाने व्हायला हवी, यावर मी ठाम आहे. आम्ही बायकांनी वेगळी जागा आणि बाई कर्मचारी मागितली, ती मिळाली. पक्का निकाल येईपर्यंत कुणाचं नाव बाहेर फुटता कामा नये, ते मात्र अजून फुटतं आणि त्यावर आम्ही भांडतो आहोत. जळगावच्या पाहुण्यांसारखे लोक अर्धवट ऐकतात ते त्यामुळेच.

आता तुझ्या कामाचं. रात्रपाळीनंतर झोप लागत नाही म्हटल्यावर तू म्हणालीस, बाबांची गोळी अर्धी घे. आई, ती गोळी बेंझोडायझेपिनचीच आहे. ती मला चालत नाही, आणि खरं तर बाबांनाही इतकी वर्षं रोज चालू आहे ते मला पटत नाही. खोकल्याचं औषधही पाठवू नकोस, काहींत कोडीन असतं आणि ते अफूच्या घरातलं. मला औषध लागलं तर इथल्या डॉक्टरांची चिठ्ठी घेते आणि आधी कंपनीत दाखवते. महाशिवरात्रीला मामांकडची थंडाई मला देऊ नका, तीत भांग असते. खसखससुद्धा अफूच्याच बोंडातली. ती जास्त खाल्ली तर चाचणीत उमटू शकते, त्याच कारणाने अमेरिकेने १९९८ मध्ये तिथली मर्यादा एका मिलिलिटरमागे ३०० नॅनोग्रॅमवरून २००० वर नेली. मसाल्यात ती अगदी थोडी असते, तो नेहमीसारखा पाठव. फक्त अनारसे माझ्यासाठी खसखशीशिवाय कर.

पाहुण्यांना सांग की हो, तपासतात, आणि आमच्या मुलीचा निकाल दर वेळी स्वच्छ येतो. मुलाला आणखी काही विचारायचं असेल तर त्याला माझा नंबर दे, मी स्वतः बोलेन. एवढं सांगूनही त्यांना संशयच वाटला, तर ते घर माझ्यासाठी नाही आणि त्याचं तू वाईट वाटून घेऊ नकोस.

बाबा, पुढच्या महिन्यात सुट्टी मिळाली की आपण दोघं तुमच्या डॉक्टरांकडे जाऊ. झोपेची गोळी एकदम बंद करू नका, ती हळूहळू कमी करावी लागते. तोवर चिठ्ठीचा फोटो मला पाठवून ठेवा.

तुमची लाडकी,
ताई