गोळी चालू ठेव, बाळा

कोल्हापूर
रविवार, संध्याकाळ

चि. बाळास,
प्रभू येशूच्या नावात सलाम आणि पोटभर आशीर्वाद.

परवा फोनवर तू चिडलास, मी रडले आणि नानांनी माझ्या हातातून फोन घेऊन बंदच केला. म्हणून लिहायला बसले. लिहिताना मधे कोणी तोडत नाही.

आधी आनंदाचं लिहिते. पुण्यातल्या तुझ्या नव्या फेलोशिपमधल्या बाप्तिस्म्याचा फोटो मी पुन्हा पुन्हा पाहते. पाण्यातून वर येतोयस, केस कपाळाला चिकटलेत, डोळे मिटलेले. नानांचं म्हणणं, ह्याचा बाप्तिस्मा आपल्या वाइल्डर मेमोरियल चर्चमध्ये तान्हा असतानाच झालाय, दृढीकरणही झालं, मग हा दुसरा कशाला? त्यातून तू म्हणालास, "मी घरी नुसता नावाचा ख्रिस्ती होतो, खरा आत्ता झालो." त्या रात्री ते जेवले नाहीत. 1852 साली मिशनरी वाइल्डरसाहेब ह्या गावात आले, त्यानंतर इथं जी ख्रिस्ती मंडळी उभी राहिली तिच्यातच आपल्या पिढ्या गेल्या. त्या सगळ्यांना तू नावाचे ख्रिस्ती ठरवलंस, असं त्यांनी मनाला लावून घेतलंय.

मला तितकं लागलं नाही. पंडिता रमाबाईंनी 1883 साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला आणि सात-आठ वर्षांनी त्यांना उमगलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त भेटायचा राहिला होता. एवढ्या विदुषीला हे म्हणावंसं वाटलं, तर तू म्हणालास त्यात काय वावगं? मला तर तुझ्यातला बदल दिसतोय. मावा सुटला. मी इतकी वर्षं कानीकपाळी ओरडले, सुटला नव्हता. आणि दाजींना तू आपणहून फोन केलास, वाटणीच्या वेळी बोललास त्याची माफी मागितलीस. अक्का सांगताना रडत होती. ते कळलं तेव्हा मी स्वयंपाकघरातच गुडघे टेकले.

पण बाळा, फिटची गोळी का बंद केलीस?

आज ह्या पत्रात गोळीचा विषय काढायचा नाही असं ठरवून बसले होते. नाही जमत. आठवडा झाला म्हणतोस. त्यात दर शुक्रवारी रात्रभर प्रार्थना, आणि महिन्यातून तीन दिवस उपास. जागरण, उपाशी पोट आणि बंद केलेली गोळी, फिट यायला ह्याहून वेगळं काही लागत नाही. हे आई म्हणून नाही, वॉर्डात जन्म गेलेली नर्स म्हणून सांगते. फिटची गोळी एकदम तोडली की झटका नुसता परत येत नाही, कधीकधी एकामागून एक येत राहतात, थांबतच नाहीत. असे पेशंट मी रात्रपाळीला सांभाळलेत. त्यातला एक तुझ्याच वयाचा होता. त्याचं पुढं लिहीत नाही.

तुला आठवत नसणार, तू शुद्धीवर नव्हतास. दहावीचं वर्ष, नाताळच्या नाटकाची तालीम. डोक्याला मेंढपाळाचा फेटा, अंगावर नानांची घोंगडी, आणि तू उभ्याचा आडवा झालास. कोणी कांदा आणायला धावलं, कोणी चप्पल नाकाशी धरली, कोणी दातांत चमचा घालायला निघालं. मी सगळ्यांना बाजूला सारलं, तुला कुशीवर वळवलं, डोक्याखाली घोंगडीची घडी दिली आणि घड्याळाकडं बघत बसले. तोंडात काही घालायचं नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत, पाच मिनिटांच्या वर गेलं तर दवाखाना गाठायचा. सगळं पाठ होतं. पण काटा सरकत नव्हता. तुझ्या खोलीतल्या मित्रांना हे सांगून ठेवलंयस का? सांग. आजच सांग.

त्याच संध्याकाळी गल्लीतली एक बाई येऊन म्हणाली, बाहेरचं दिसतंय, कागलकडं एक देवऋषी आहे. नानांनी तिला हात जोडले आणि दारातूनच परत पाठवलं. आता पुण्यात कोणीतरी तुला तेच सांगतंय, फक्त येशूचं नाव घेऊन. दुष्टात्मा आहे, गोळी घेणं म्हणजे अविश्वास आहे. दोन्हीकडं मुलगा आजारी आहे एवढं साधं कोणाला दिसत नाही.

ते तुला मार्काच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय दाखवत असतील. मीही तोच काढून बसलेय. तोंडाला फेस येणारा, दात खाणारा, विस्तवात आणि पाण्यात पडणारा तो मुलगा. मुलाला जवळ आणल्यावर प्रभू आधी काय करतो? बापाला विचारतो, ह्याला हे किती दिवसांपासून होतंय? आम्हीही पेशंट आला की पहिल्यांदा तेच विचारायचो. त्या बापाला त्यानं घरातलं काही फेकून दे म्हटलं नाही, तुझा विश्वास कमी म्हणून मुलगा बरा होणार नाही असंही म्हटलं नाही. बाप बिचारा ओरडून म्हणाला, मी विश्वास धरतो, माझा अविश्वास घालव. अर्धा विश्वास, अर्धी भीती, आणि तेवढ्यावर प्रभूनं मुलाला उठवलं. मला रोज रात्री तीच प्रार्थना येते, दुसरी सुचत नाही.

आणि कुष्ठरोग्याला बरं केल्यावर प्रभूनं त्याला कुठं पाठवलं? याजकाकडं, जाऊन दाखव म्हणून. तपासून शुद्ध ठरवायचं काम त्या काळी याजकाचं होतं. मग तू बरा झालायस असं तुला आतून वाटत असेल तर डॉक्टरांना दाखव की. मी देवाला अडवणारी कोण? शेवटचा झटका येऊन तुला अडीच वर्षं होत आली. एवढा काळ काही झालं नाही की डॉक्टर स्वतः ईईजी, म्हणजे मेंदूचा आलेख, बघून गोळी कमी करायचा विचार करतात, काही महिने घेऊन, हळूहळू उतरवत. तसं झालं तर मी मंडळीत उभी राहून साक्ष देईन. पण आधी तपासणी.

प्रेषित पौलानं आपल्या शिष्याला, तीमथ्याला, लिहिलं की नुसतं पाणी पीत राहू नकोस, पोटासाठी आणि वरचेवरच्या दुखण्यांसाठी थोडा द्राक्षारस घे. ज्याच्या अंगावरचे रुमाल नेऊन लोक बरे होत होते, तोच पौल. त्याच्यासोबत लूक होता, तो वैद्य. आपल्या सोबत्याला, त्रोफिमाला, तर तो मिलेताला आजारीच ठेवून पुढं गेला. तेव्हा त्रोफिमाचा विश्वास कमी पडला, असं कुठं लिहिलंय दाखव मला.

झालं बघ, शाळा सुरू झाली माझी. रागावू नकोस. तुला वचनं शिकवायचं वय गेलं माझं, आणि तू आता माझ्यापेक्षा जास्त वाचतोस.

मिरजेला नर्सिंगला होते तेव्हा दिवसाची सुरुवात वॉर्डातल्या भक्तीनं व्हायची. ऑपरेशनआधी पेशंटच्या उशाशी प्रार्थना, मग लगेच हात धुवायला. एक झालं म्हणून दुसरं कोणी टाळलं नाही. 1894 साली डॉक्टर वानलेस यांनी ते हॉस्पिटल उभारलं, ते प्रभूच्या प्रेमापोटीच की. वानलेसवाडीच्या क्षयरोग्यांच्या सॅनेटोरियममध्ये माझ्या मावशीनं वर्ष काढलं. औषध हा देवाचाच हात आहे असं मी तिथं शिकले, पुस्तकात वाचून नाही. तुझी आज्जी जेवणाआधी करायची तशीच बीपीच्या गोळीआधी प्रार्थना करायची. गोळी तळहातावर, डोळे मिटलेले, "प्रभो, ह्या गोळीला आशीर्वाद दे, बनवणाऱ्यालाही दे." तुम्ही दोघं पोरं हसायचा. तिच्याइतका विश्वास मी दुसऱ्या कोणात पाहिला नाही, तुमच्या फेलोशिपच्या त्या ब्रदरमध्येही असेल असं वाटत नाही. हे मी तुला दुखवायला लिहीत नाही.

दुसरी एक गोष्ट. तू म्हणालास, तीन महिन्यांत मी आत्म्यात फार पुढं गेलो. असशील. पण पुढं-मागं मोजायची घाई करू नकोस. कवी ना. वा. टिळकांनी 1895 ला बाप्तिस्मा घेतला, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी 1900 ला. मधली पाच वर्षं ती बाई कसकशातून गेली! कोणी तिला ढकललं असतं तर ती त्या पाण्यात उतरलीच नसती. तुझा हा उत्साह कधीतरी ओसरेल, प्रार्थना कोरडी वाटेल, तेव्हा घाबरून जाऊ नकोस, विश्वास गेला असं समजू नकोस. सगळ्यांचं होतं. माझं तुझ्या मामाच्या वेळी झालं होतं, वर्षभर मी नुसती बाकावर बसून यायचे. त्या वर्षात पाळकसाहेबांच्या बाई दर बुधवारी येऊन माझ्याशेजारी बसल्या, कधी एक वचनसुद्धा बोलल्या नाहीत, भाजी निवडू लागायच्या. तुमच्या फेलोशिपमध्ये असं कोणी आहे का? गिटार आहे, माईक आहे, ते फोटोत दिसलं. उद्या तू आजारी पडलास तर तुझ्या उशाशी कोण बसणार, का तुझ्यात पाप राहिलं म्हणून तुलाच बोल लावणार? मला झोप लागत नाही ती ह्याच्यामुळं.

आणि गाडी चालवू नकोस. गोळी बंद असेपर्यंत तरी नको. बसनं जा, रिक्षानं जा, पैसे मी पाठवते.

अक्का शनिवारी हडपसरला नणंदेकडं येतेय. तिच्याबरोबर डॉक्टरांकडं जा. जुनी फाइल ती घेऊन येईल, सगळे ईईजी त्यात लावलेत. डॉक्टरांना बाप्तिस्म्याचंही सांग, उपासाचंही सांग, लपवू नकोस.

नानांना तू स्वतः फोन कर. सुरुवातीला धर्माचं काढू नकोस. उसाचं बिल जमा झालं का एवढं विचार, बाकीचं ते आपोआप बोलतील. तुझा फोटो त्यांनी माझ्या फोनवरून स्वतःच्या फोनवर घेतलाय, मला माहीत नाही असं त्यांना वाटतं.

तुझी,
आई

ता. क. शनिवारपर्यंत थांबायचं नाही. उद्या सकाळीच डॉक्टरांना फोन लाव. एवढ्या दिवसांच्या खंडानंतर गोळी पहिल्याच डोसनं सुरू करायची की कमी करून, हे त्यांना विचार. मनानं काही करू नकोस. आणि ह्या शुक्रवारी रात्री झोप. प्रार्थना पहाटे उठून कर, मीही इथं उठते.